काळनदीवरचा गोटीराम

राजपुत्राला झाडाला बांधलं, तिथून सगळं बिघडत गेलं.

बांधणारे चौघे. सहादू हा मखमलाबादच्या द्राक्षवाल्यांचा मुलगा. उंचीनं जेमतेम दाराच्या कडीला पोचणारा, खेळात मात्र भूकंपसिंह नावाचा सात हाती पहिलवान. सुवर्णा बँकेच्या परीक्षा देत होती. खेळात ती जादूगारीण होती, पण वेळप्रसंगी लागतील म्हणून मंत्र जपून ठेवायची आणि तलवारवाल्यांच्या आड लपून मार चुकवायची. ओम बाहेरही कमी बोलायचा आणि खेळातही. त्याचा धनुर्धारी बाण सोडायचा, पण तो बाण आजवर लागलेला कोणी पाहिला नव्हता. चौथा अदनान, कॉम्प्युटर दुरुस्त करणारा. खेळात अट्टल चोर, आणि बाहेर इतका सरळ की रस्ता रिकामा असला तरी सिग्नलला सायकल थांबवून उभा राहायचा.

या चौघांना खेळवणारी छाया. रविवार कारंज्याच्या मागच्या बोळात तिच्या वडिलांचं फुलांचं दुकान होतं. दुकानावर माडी. खाली झेंडू-शेवंतीच्या करंड्या, हार ओवणाऱ्या बायका. वर रविवारी दुपारी ही मंडळी. बारावीत असताना अदनानच्या मामांनी बहारीनहून एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आणलं होतं आणि त्यासोबत वीस बाजूंचा एक निळा फासा. मामांच्या बॅगेत अत्तराची बाटली फुटली आणि पुस्तकाची मधली पानं अशी चिकटली की ती कधी उघडलीच नाहीत. तिथले नियम छायानं स्वतःच्या डोक्यातून केले. खेळ सोपा. एकानं गोष्ट सांगायची आणि बाकीच्यांनी त्या गोष्टीत शिरून तिची वाट लावायची. समोर काय दिसतं ते छाया सांगणार, तिथं आपण काय करतो ते ज्यानं त्यानं सांगायचं, आणि ते साधतं की फसतं ते फासा ठरवणार. छायाला सगळे सूत्रधार म्हणायचे, चिडवायचं असलं की सूत्रधारबाई.

तर राजपुत्र. नाव चंद्रहास, डोळे घारे, कमरेला शापित तलवार, लहानपणी आई वारलेली. छायानं महिनाभर खपून घडवला होता. गोष्ट अशी होती की काळनदीपलीकडे अंधेरगडचा राजा बसलाय. त्याला गाठायचं तर नदी ओलांडायला हवी, आणि नदीकाठच्या दगडावर लिहिलेलं: काळनदी एकाला ठेवून घेते, मगच बाकीच्यांना सोडते. तो एक म्हणजे चंद्रहास. शेवटी तो हसत हसत पाण्यात उडी घेणार आणि चौघांच्या डोळ्यांना धार लागणार, असा सूत्रधारबाईंचा बेत.

चौघांच्या तो पाच मिनिटांत डोक्यात गेला.

"फार गोड बोलतो," सुवर्णा म्हणाली. "बांधा त्याला."

"अरे, तो राजपुत्र आहे! मुंग्या लागतील त्याला!" छाया ओरडली.

"गोड आहे म्हणजे लागणारच," सहादू म्हणाला आणि त्यानं फासा टाकला. अठरा पडले. राजपुत्र बांधला गेला. हे घडलं दोन हजार एक सालच्या श्रावणात. त्याला तिथून कोणी सोडवल्याचं अजून तरी ऐकिवात नाही.

छाया अशी वैतागली की पुढचं तिनं तोंडाला येईल ते सांगितलं. "नदी आली. काळं पाणी. काठाला एक होडी. होडीत एक म्हातारा बिडी ओढत बसलाय. बसा आता."

"त्याचं नाव काय?" ओमनं विचारलं.

सूत्रधाराला घाम फोडणारा प्रश्न हाच. राजपुत्राच्या खापरपणज्याचं नाव तयार असतं, नावाड्याचं नसतं. छायानं काहीतरी ठोकून द्यायला तोंड उघडलं, आणि तिच्या तोंडून एक जाडाभरडा, बिडीनं करपलेला बाप्याचा आवाज बाहेर पडला.

"गोटीराम. सामान मधी ठिवा. अन् तो बुटका बी मधी बसंल."

तिघं हसून लोळली. सहादू तेवढा उखडला. "भूकंपसिंह सात हात आहे! बुटका कोणाला म्हणतो?"

"दिसतंय ते बोललो," आवाज म्हणाला.

छायाही हसली. पण हसता हसता तिच्या पाठीवर काटा आला. भूकंपसिंह सात हात आहे हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? बुटका तिला म्हणायचंच नव्हतं.

राजपुत्र नको असलेल्या त्या मंडळींना नावाडी मात्र असा आवडला की दर रविवारी जिन्यातूनच हाका सुरू व्हायच्या. गोटीरामकाका, आज पाणी कसं? आणि गोटीराम सांगायचा. भोवरा आधी दिसत नाही, आधी गार लागतो. बांबू तळाला टेकला की दाबायचा नाही, हाताला काय सांगतो ते ऐकायचं. पूर येणार असला की काठावरचे खेकडे आदल्या दिवशीच वर चढतात. छायाचा जन्म नाशकात गेलेला, होडीत ती एकदाच बसली होती, तीही शाळेच्या सहलीत आणि डोळे मिटून. हे सगळं कुठून येतंय म्हणून घरी आरशासमोर तिनं तो आवाज काढून पाहिला, तर शेळी बें करावी तसा आवाज आला आणि आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "घसा बसला का गं?" खेळाला बसून कोणी नावाड्याला हाक मारली की मात्र तो आवाज यायचा. आणि तो आला की माडीवर झेंडूच्या वासात दुसराच एक वास मिसळायचा, ओल्या गाळाचा. ओम नाक वर करून हुंगायचा.

गणपती बसायच्या आधी हारांचं काम वाढलं म्हणून दुकानात नवी बाई आली. ठमाबाई. सायखेड्याकडची, साठीची, कपाळाला रुपयाएवढं कुंकू. वर माडी आहे हेही तिला धड माहीत नव्हतं. पहिल्याच रविवारी ती जिन्याखाली बसून शेवंतीचा हार ओवत होती. वर सुवर्णानं सहज विचारलं, "गोटीरामकाका, तुम्ही या ओसाड काठावर एकटे कशाला राहता?"

"शेळी आनाया आलो व्हतो," गोटीराम म्हणाला. "कोंडाजीची शेळी, बेटात अडकलेली. शेळी गेली माघारी. म्या ऱ्हायलो."

सगळी फिदीफिदी हसली. तेवढ्यात जिना करकरला.

ठमाबाई दारात उभी होती. हातात सुई, सुईत दोरा, दोऱ्यात हार, आणि तो हार तिच्यामागं पायरी न् पायरी चढत आलेला, खाली करंडीपर्यंत.

"कोन बोललं आत्ता?"

"ही छाया, मावशी," अदनान म्हणाला. "खेळ चाललाय आमचा. आवाज काढते ती."

"ही नाय. बाप्या बोलला."

ती उंबऱ्यावर बसली. एकाएकी तिनं पदर डोक्यावरून पुढं ओढला, घरचं कर्तं माणूस समोर आल्यावर ओढतात तसा. मग थोडं थोडं करून तिनं सांगितलं. तिचा नवरा गंगेवर होडी चालवायचा. (नाशिककडची माणसं गोदावरीला गंगाच म्हणतात.) एका पुराच्या दुपारी बेटात अडकलेली शेजाऱ्याची शेळी आणतो म्हणून गेला. शेळी पोहत परत आली. होडी आली नाही, माणूसही नाही.

"सापडलेच नाहीत?" सुवर्णानं विचारलं.

"सापडतील कसं? कुटं तरी हायेत ना. भाऊबंद मागं लागल्यात, पळसाच्या पानांचा बाहुला कर, त्याला अग्नी दे, मोकळी हो. म्या म्हनलं, जितं मानूस मी जाळू व्हय?"

"कोंडाजी कोण, मावशी?"

"शेजारी. मेला आता. शेळीबी मेली."

अदनानला अजून हिशेब लावायचा होता. "मावशी, काकांचं नाव काय होतं?"

"व्हतं काय म्हनतो रे? हाय!" ती कडाडली. मग सुवर्णाकडं हनुवटी करून हळूच म्हणाली, "हिनं घेतलं की मघाशी. म्या कसं घेऊ?"

खरंच, ती कशी घेणार? तिच्या पिढीतल्या बाईनं नवऱ्याचं नाव घेतलं तर त्याचं आयुष्य घटतं, असं तिला परकरात असल्यापासून शिकवलेलं. उभ्या जन्मात तिनं ते उच्चारलं नव्हतं. मग दुकानात तिच्या तोंडून ते छायाच्या कानावर पडायची गोष्टच सोडा. शिवाय गोटीराम माडीवर आला श्रावणात आणि ठमाबाई दुकानात आली भाद्रपदात.

खाली सायकलींपाशी अदनान म्हणाला, "सायखेड्याकडं दगड मारला तर कुठल्या तरी गोटीरामाला लागेल. योगायोग आहे."

"आणि कोंडाजीची शेळी?" छायानं विचारलं.

अदनान कुलपात किल्ली घालून नुसताच फिरवत राहिला.

तेव्हापासून ठमाबाई दर रविवारी वर यायला लागली. नावाड्याशी ती एक शब्द बोलायची नाही. चारचौघांत नवऱ्याशी काय बोलायचं? पदर ओढून ऐकायची. तो हसला की खाली बघायची. मध्येच सुवर्णाच्या कानाला लागून तक्रार करायची, "दात पडलं वाटतं यांचं. 'स' निसटतोय बोलताना." किंवा, "बिडी सोडली नाय अजून. ऐक, खोकला बघ कसा."

आणि छायाची झोप उडाली. तिला भीती वाटत होती ती भुताची नव्हे. गोष्ट कुठं चाललीय ते तिला दिसत होतं. राजपुत्र झाडाला बांधलेला. नदी तर एकाला ठेवून घेणारच. चौघांना पार नेणारा आणि स्वतः पाण्यात राहणारा आता एकच उरला होता. अदनानचा बहारीनचा व्हिसा आला होता, दसऱ्यानंतरच्या आठवड्यात त्याचं विमान. म्हणजे दसऱ्यानंतरचा रविवार हा शेवटचा, आणि इतक्या वर्षांचा खेळ अर्धवट टाकून तो गेला तर पुन्हा पाचजण एका चटईवर बसणार नाहीत, हे सगळ्यांना कळत होतं. खेळ संपवायलाच हवा होता, आणि तो गोटीरामाच्या जिवावर संपणार होता.

दसऱ्याच्या झेंडूच्या ढिगात ठमाबाईनं तिला गाठलं.

"तो दगुड काय म्हनतो ते म्या ऐकलंय, छायाताई. एकाला ठेवून घेती. त्यास्नी ठेवशील व्हय तू?"

"नाही ठेवणार, मावशी."

"तुझ्याच हातात हाय ना?"

"माझ्याच," छाया म्हणाली, आणि खोटं बोलल्यासारखी तिची जीभ कोरडी पडली.

तिनं पूल बांधला. रात्रभर बसून चांगला दगडी, सात कमानींचा पूल रचला. कोण्या जुन्या राणीनं बांधलेला, धुक्यात लपलेला, म्हणून इतके दिवस न दिसलेला. पुलावरून जाणाऱ्यांवर नदीचा हक्क नाही. चौघं पार, नावाडी काठावर बिडी ओढत खुशाल.

रविवारी सगळी लवकर जमली. अदनाननं सगळ्यांना पेढे दिले आणि कोणीच धड खाल्ले नाहीत. ठमाबाई आली ती दसऱ्याचं नवं लुगडं नेसून, केसांना तेल लावून. खाली दुकानात एक बातमी फिरत होती. सकाळीच तिनं आपलं पातेलं आणि गोधडी सोबत हार ओवणाऱ्या मुलीला देऊन टाकली होती. कशाला, तर म्हणे, मला आता लागायचं नाय.

छायानं गोष्ट पुढं घेतली. "धुकं सरतं. नदीवर तुम्हाला एक पूल दिसतो. दगडी, सात..."

"कसला पूल?" तिच्याच तोंडातून आवाज आला.

छायानं ओठ आवळले. "दगडी पूल. राणीनं बांधलेला. तुम्ही त्याच्यावर..."

"पूल नाय. कदी नव्हता. या पोरांना फसवू नको."

तिनं तोंडावर हात दाबला. आवाज बोटांमधून निघाला, पाणी निघावं तसा. "दगडावर लिवलंय ते वाचा अन् कोन ऱ्हातंय ते ठरवा."

गाळाचा वास असा दाटला की सुवर्णानं ओढणी नाकाला लावली. बाहेर टळटळीत ऊन, बोळात भांडेवाल्याची ठोकाठोक, आणि माडीवर पायांना गारवा लागत होता.

"मी राहतो," ओम म्हणाला. "माझा तसाही बाण लागत नाही."

"गप रे. भूकंपसिंह राहील," सहादू म्हणाला.

"तुमी पाव्हणे," आवाज म्हणाला. "पाव्हण्यांना ठेवून काय करायचं नदीनं? म्याच ऱ्हातो. मला सवय हाय."

ठमाबाई उंबऱ्यावरून उठली आणि पहिल्यांदाच चटईवर येऊन बसली.

"मलाबी घ्या खेळात."

नाही कोण म्हणणार? नव्या खेळाडूला विचारायचे प्रश्न ठरलेले असतात. अदनाननं सवयीनं विचारले. "मावशी, तुम्ही कोण?"

"ठमा."

"अंगात बळ किती?"

"झेंडूची करंडी एकटी उचलते."

"विद्या काय येते?"

"हार ओवते. अन् वाट बघते."

अदनाननं मान खाली घातली आणि निळा फासा तिच्यापुढं सारला. मग छायानं तिला तेच विचारलं, जे ती इतकी वर्षं सगळ्यांना विचारत आली होती. "मावशी, तुम्ही काठावर उभ्या आहात. समोर होडी आहे. काय करता?"

"बसते," ठमाबाई म्हणाली. "त्यांच्याशेजारी बसते. अन् ते ऱ्हातील तिथंच ऱ्हाते."

छायाला गोधडी कळली. पातेलं कळलं. तेल लावलेले केस कळले. खरी गंगा तीन बोळ सोडून वाहत होती, धरणाचं पाणी सोडल्यानं फुगलेली. ठमाबाई इथं होडीत बसली की जिना उतरून कुठं जाणार, हे पाच वर्षांचं पोरही सांगू शकलं असतं. आणि सूत्रधारानं खेळाडूला नाही म्हणायचं नसतं. तो काय करतो विचारायचं असतं, आणि फासा टाकायचा असतो. हा नियम अत्तरानं चिकटलेल्या पानांतला नव्हता. छायानंच केलेला, आणि तिला त्याचा फार अभिमान होता.

तिनं मनातल्या मनात हात जोडले. काका, तुम्हीच सांगा तिला. तुमचंच ऐकेल ती.

आणि वाट पाहिली.

आवाज आलाच नाही. वास गेला. पायांचा गारवा गेला. माडीवर नुसता झेंडू राहिला आणि ऊन. घरातला कर्ता माणूस कोणाला न सांगता उठून गेल्यावर ओसरी जशी भकास होते, तसं छायाच्या घशात भकास झालं. ती तिथं एकटीच होती.

मग तिनं घसा जाड केला आणि स्वतःच बोलली. "ठमे, होडीत चढू नको. तू घरी जा. म्या सुखात हाय. तुजी लय आठवन येती गं, पन तू तुजं पाह्य. हिकडं येऊ नको."

ठमाबाई मान कलती करून ऐकत होती. ऐकता ऐकता तिचा पदर खांद्यावर घसरला. तिनं तो पुन्हा डोक्यावर घेतला नाही.

"हे तू बोललीस," ती म्हणाली.

छायाचे डोळे भरले. "हो, मावशी."

"वाटलंच. उभ्या जन्मात आठवन येती म्हनले नायत. भूक लागली म्हनायचे, त्यातच काय ते समजून घ्यायचं." ती किंचित हसली. मग तिचा चेहरा घट्ट झाला. "मंग ते कुटं गेले?"

"माहीत नाही. आत्ता होते. तुम्ही बसते म्हणालात आणि... गेले."

ठमाबाईनं त्या फाशावरून बोट फिरवलं. खालून छायाच्या वडिलांनी कोणाला तरी करंडी सरकवायला सांगितलेलं ऐकू आलं.

"मी बसू नये म्हनून गेले," ती म्हणाली. "होडी सोडून दिली त्यांनी. तवाबी निरोप घेतला नाय, आत्ताबी नाय." तिनं फासा उचलला. "हाक मारते म्या. आले तर आले."

"मारा," छाया म्हणाली.

"अवं," ठमाबाईनं हाक मारली. "अवं, ऐकलं का?" बायका मारतात तशी, नावाशिवायची. बोळातला भांडेवाला तेवढा ठोकत राहिला. ठमाबाईनं डोळे मिटले, ओठ हलवले, थांबली, आणि मग पोहायला न येणारं माणूस पाण्यात पाय टाकतं तशी म्हणाली, "गोटीराम."

आणि मोठ्यानं, पूर आलेल्या नदीपलीकडं ऐकू जाईल अशी, "गोटीराम!"

फासा तिच्या मुठीतून पडला, चटईवरून लाकडावर गेला, आणि अदनानच्या गुडघ्याशी थांबला. फक्त त्यालाच दिसत होता. सगळ्यांनी त्याच्याकडं पाहिलं. वीस म्हण, असं सुवर्णाचे डोळे म्हणत होते. खेळातला तो चोर होता, पण फासा वाचत होता अदनान.

"एक," तो म्हणाला.

"म्हंजी?"

"म्हणजे उत्तर नाही, मावशी."

ठमाबाईनं मान हलवली. "नाय यायचं. बरं." तिनं चौघांवरून नजर फिरवली. "तुमी चौघं हायेत. मंग उचला की त्यास्नी. असंच ठेवायचं व्हय?"

छायाला काय करायचं ते कळलं, आणि या खेपेला गोष्ट खरोखर तिचीच होती. "होडी परत येते," ती म्हणाली. "वल्ही कोणी मारत नाहीये. तिच्यात गोटीराम निजलाय. तुम्ही काय करता?"

"मी डोक्याकडून धरतो," ओम म्हणाला.

"मी पायाकडून," सुवर्णा म्हणाली. "चालतं ना, मावशी, मुलीनं?"

"कोन बघाया आलंय?"

"मी पण," अदनान म्हणाला. "मला चालेल ना?"

"तू तर खांद्याला उंच हायेस. पुढं हो."

त्यांनी हात खांद्याशी नेले, तळवे वर. कधी उभी राहिली ते त्यांनाही कळलं नाही. दोन पावलं टाकली आणि सहादूनं दात-ओठ खाल्ले.

"ए, माझ्याकडं सगळा भार येतोय! मागच्यांनी उचला ना!"

कोणी हसलं नाही, कारण ओमच्या मानेच्या शिरा फुगल्या होत्या आणि सुवर्णाचा घाम कानामागून वाहत होता. माडीच्या फळ्या वाकल्या. खाली शेवंतीवर धूळ पडली आणि छायाचे वडील वर बघून ओरडले, "नाचता काय रे?"

"हळू," ठमाबाई पुढं होऊन म्हणाली. "जिन्यात वाकवा. लय जेवायचे. सांगून थकले मी."

सगळी निघाली. रविवार कारंज्यावर भर दुपारी चार तरणी माणसं रिकामे हात खांद्याला लावून, झोक सावरत चाललेली. पुढं नव्या लुगड्यातली म्हातारी, दुकानातून उचललेल्या हारातला एकेक झेंडू तोडून रस्त्यावर टाकणारी. दुसरं कोणी असतं तर नाशिककरांनी हसून हसून लाज काढली असती. पण एका स्कूटरवाल्यानं इंजिन बंद केलं. पानवाल्यानं टोपी काढली. बर्फाच्या गाडीवाल्यानं बैल कडेला घेतला आणि हात जोडले. मयत कोणाचं, असं एकानंही विचारलं नाही. छाया मागून चालत होती आणि सगळ्यांच्या नजरा त्या चौघांच्या खांद्यांवर नव्हे, खांद्यांच्या वीतभर वर लागलेल्या बघत होती.

घाटाच्या खालच्या पायरीला त्यांनी ते उतरवलं. उतरवताना चौघांचेही हात एकदम हलके झाले आणि सुवर्णा मागं पडता पडता वाचली. पाण्यात धप्पकन आवाज झाला. लाट उठून तिसऱ्या पायरीपर्यंत आली.

ठमाबाई पाण्यात शिरली. घोट्यापर्यंत, मग गुडघ्यांपर्यंत. छायानं धावत जाऊन तिचा पदर दोन्ही मुठींत धरला.

"सोड की."

"नाही सोडणार."

"अगं, अंघोळ तरी करू दे. सुतकाची हाय मी आता."

छायानं तिच्या तोंडाकडं पाहिलं, आणि पदर सोडला. ते करताना तिला जी भीती वाटली, तशी तिला अंधेरगडच्या राजाचीही कधी वाटली नव्हती आणि त्या नावाड्याचीही नाही. ठमाबाईनं नाक धरलं आणि पाण्याखाली गेली. पाणी तिच्यावर मिटलं. काठावर पाचजण श्वास धरून उभे. मग ती वर आली, कपाळ धुतलेलं, कुंकवाचा ओघळ गालावर.

"गार हाय," ती म्हणाली, आणि पायऱ्या चढून वर आली. लुगड्याचा सोगा पिळून तिनं सगळ्यांना पुढं घातलं. "चला घरला. अन् मागं वळून बघू नका कोनी. मयताहून येताना बघत नसत्यात."

अंधेरगडचा राजा मारायचा राहिला. कोणाला आठवलाही नाही.

घाट संपून बोळ लागला तिथं सहादूनं मान वळवली. तो जागीच थिजला. ठमाबाईनं त्याच्या पाठीत धपका घातला.

"म्हनलं ना, बघू नको म्हनून!"

"मावशी, ते तिथं होडीत..."

"ठावं हाय मला," ठमाबाई म्हणाली. "चल पुढं."